घरमालक आणि बिऱ्हाडकरू : एका बोलपटाच्या निमित्ताने

नगरांचे इतिहास लिहिणाऱ्यांची एक जुनी खोड आहे. पूल कोणी बांधला, बाग कोणी आखली, आग केव्हा लागली, साथ केव्हा पसरली, हे सारे ते मोठ्या साक्षेपाने नोंदवितात. परंतु अमुक गल्लीतील अमुक घरात कोण राहत होते, त्यांचे बिऱ्हाड केव्हा उठले आणि उठून ते कोठे गेले, या प्रश्नांपाशी त्यांची लेखणी थबकते. याचे कारण उघड आहे. मालकाच्या नावाचे खरेदीखत सरकारी दप्तरात शतकानुशतके टिकते. भाडेकरूच्या भाड्याची पावती त्याच्या ट्रंकेतही वर्षभर टिकत नाही. म्हणून अशा प्रश्नांचा मागोवा घेणाऱ्यास पुष्कळदा कादंबरी, नाटक, बोलपट यांसारख्या अनधिकृत साक्षीदारांकडे जावे लागते. हे साक्षीदार शपथेवर बोलत नाहीत हे खरे; तथापि शपथेवर बोलणारे जे गाळतात, तेच हे कित्येकदा बोलून जातात.

असाच एक साक्षीदार आज वाचकांपुढे उभा करण्याचा आमचा विचार आहे. १९७० साली अमेरिकेत ‘द लँडलॉर्ड’, म्हणजे ‘घरमालक’, या नावाचा एक बोलपट प्रसिद्ध झाला. तो विनोदी म्हणून गणला जातो, आणि तो आहेही विनोदी. मात्र त्यातील विनोद हसता हसता घशात आवंढा अडकावा अशा जातीचा आहे. दिग्दर्शक हॅल ॲशबी यांची ही पहिलीच कृती. तोपर्यंत ते संकलक म्हणून नावाजलेले होते. नॉर्मन ज्युइसन यांच्या ‘इन द हीट ऑफ द नाइट’ या १९६७ च्या बोलपटाच्या संकलनाबद्दल त्यांना ऑस्कर पारितोषिक मिळाले होते. त्याच ज्युइसन यांनी प्रस्तुत बोलपटाची निर्मिती स्वतःकडे ठेवून दिग्दर्शन या सहकाऱ्याच्या हाती सोपविले. मूळ कादंबरी क्रिस्टिन हंटर या लेखिकेची, १९६६ मधील. पटकथा बिल गन यांची. हे दोघेही कृष्णवर्णीय. ही गोष्ट ध्यानात ठेवावयाची ती अशासाठी की, एका गोऱ्या घरमालकाची ही कथा भाडेकरूंच्या बाजूने जग पाहिलेल्या दोन लेखण्यांतून उतरली आहे.

कथानक थोडक्यात असे. एल्गर एंडर्स (बो ब्रिजेस) हा लाँग आयलंडवरील एका गर्भश्रीमंत घराण्याचा एकोणतीस वर्षांचा चिरंजीव. वय वाढले, पण कर्तृत्वाच्या नावाने पूज्य. प्रारंभीच हा गृहस्थ आरामखुर्चीत पहुडून आपणांस तत्त्वज्ञान ऐकवितो की, माणसे म्हणजे मुंग्याच; स्वतःची म्हणून काही जमीन मिळविणे हीच त्यांची मूळ प्रेरणा. त्या प्रेरणेस अनुसरून तो ब्रुकलिनमधील पार्क स्लोप या वस्तीत एक जुनाट घर विकत घेतो. बेत असा की, आत राहणाऱ्या कृष्णवर्णीय बिऱ्हाडांस बाहेर काढावे, भिंती पाडून जागा मोकळी करावी, तीत एक भले मोठे झुंबर टांगावे आणि एकट्याने सुखाने राहावे. पांढराशुभ्र पोशाख, हातात फुलझाडाची कुंडी, अशा थाटात तो मिळकतीचा ताबा घ्यावयास येतो. आणि दारापुढच्या पायऱ्यांवर बसलेली मंडळी त्याची अशी काही रेवडी उडवितात की, मालकासच आपल्या दारातून पळ काढावा लागतो. भाडे कोणी देत नाही. मार्ज नावाची प्रौढा (पर्ल बेली) प्रथम बंदूक रोखून त्याचे स्वागत करते आणि मागाहून त्याच्यावर माया करते. फॅनी (डायना सँड्स) ही एके काळची सौंदर्यस्पर्धेतील राणी. आता ती घरातच केशभूषेचा धंदा करून संसार चालविते. तिचा नवरा कोपी (लुई गॉसेट) हा चळवळ्या, पण स्वतःविषयीच संभ्रमात पडलेला. कधी तो स्वतःला अमेरिकेतील आदिवासींपैकी म्हणवितो व धनुष्यबाण हाताळतो. आणखी एक गुरुजी आहेत. ते त्याच इमारतीत कृष्णवर्णीय मुलांची शाळा भरवितात.

हुसकावून लावावयास आलेला मालक हळूहळू या मंडळींत गुंतत जातो, एवढ्यावर कथा थांबली असती तर ती एक गोड बोधकथा झाली असती. पण ती तेथे थांबत नाही. तिचा शेवट काय होतो हे पुढे येईलच. तत्पूर्वी ज्या घरावरून हा सारा तंटा आहे, ते घर तेथे आले कोठून, आणि एका श्रीमंत पोराला ते इतक्या सहज घेता येण्याजोगे झाले कसे, हे पाहिले पाहिजे. कारण या बोलपटातील विनोदाची खरी गोम त्या इतिहासात आहे.

प्रथम या जागेची कुळकथा. लाँग आयलंडच्या पश्चिम टोकाकडील ही उतरती जमीन मुळात लेनापी आदिवासींची. सतराव्या शतकात तेथे डच शेतकरी आले आणि त्यांच्याबरोबर गुलामही आणले गेले. १७९० च्या शिरगणतीत किंग्ज परगण्यातील, म्हणजे आजच्या ब्रुकलिनमधील, सुमारे एक-तृतीयांश माणसे गुलाम होती. न्यूयॉर्क संस्थानातील गुलामगिरी पुरती संपली ती १८२७ साली. तेव्हा १९६० च्या सुमारास ज्यांना ‘नवे आलेले’ म्हणून नाके मुरडण्यात आली, त्यांच्या वंशाची माणसे या मातीत कित्येक पिढ्या राबलेली होती.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास एडविन लिचफील्ड नावाच्या वकिलाने, आगगाड्यांच्या धंद्यात मिळविलेल्या पैशांतून, येथील शेतजमिनींचा मोठा पट्टा खरेदी केला आणि १८५७ च्या सुमारास टेकडीवर एक ऐटदार बंगला उभारला. पुढे ऑल्मस्टेड आणि व्हॉक्स या जोडीने आखलेले प्रॉस्पेक्ट पार्क हे विस्तीर्ण उद्यान १८६७ साली लोकांस खुले झाले. उद्यानाच्या विस्तारासाठी नगराने लिचफील्डची जमीन घेतली, आणि तीबरोबर बंगलाही घेतला. गंमत अशी की, त्यानंतर कित्येक वर्षे लिचफील्ड कुटुंब आपल्याच बंगल्यात भाडे भरून राहत होते. पार्क स्लोपचा पहिला मोठा जमीनमालक अशा रीतीने तेथील पहिला नामांकित भाडेकरू ठरला. मात्र त्याच्या पदरात मोबदल्याची भरभक्कम रक्कम पडलेली होती. पुढच्या भाडेकरूंच्या नशिबी ते नव्हते.

१८८३ साली ब्रुकलिनचा प्रसिद्ध पूल झाला, मॅनहॅटनमधील पेढ्यांपर्यंतची वाट सोपी झाली, आणि उद्यानाच्या पश्चिमेच्या उतारावर रांगांनी घरे उठू लागली. ही घरे तपकिरी वालुकाश्माची म्हणून प्रसिद्ध आहेत व इंग्रजीत त्यांस ‘ब्राउनस्टोन’ म्हणतात. वस्तुतः दगड दर्शनी भागापुरताच असतो. आत साधी विटांची भिंत, आणि रस्त्याच्या बाजूस तेवढे त्या दगडाचे अस्तर. तीन-चार मजले, अरुंद रुंदी, आणि रस्त्यावरून थेट दिवाणखान्याच्या मजल्यापर्यंत चढणारा पायऱ्यांचा ओटा. हा ओटा डचांची देणगी. यजमान वरच्या दाराने आत जात, नोकरचाकर पायऱ्यांखालच्या दाराने. एका कुटुंबासाठी, पण नोकर गृहीत धरून बांधलेले हे घर. नोकर जाताच ते कुटुंबास झेपेनासे व्हावे, हे त्याच्या रचनेतच लिहिलेले होते.

आणि झालेही तसेच. विसाव्या शतकाच्या आरंभी मोटारी आल्या, उपनगरे वाढली, नोकर महागले. १९२९ च्या आर्थिक कोसळीनंतर अनेक मालकांनी घराचे तुकडे करून खोल्या भाड्याने दिल्या. जेथे एक कुटुंब राहत होते तेथे सहा-आठ बिऱ्हाडे नांदू लागली. येथवर ही जुन्या घरांची नेहमीचीच कहाणी आहे. परंतु यापुढे जे घडले ते काळाच्या ओघात आपोआप घडले नाही. ते कागदावर ठरवून घडविण्यात आले.

१९३३ साली मध्यवर्ती सरकारने, कर्जात बुडालेल्या घरमालकांस वाचविण्यासाठी, गृहकर्जाची एक संस्था काढली. या संस्थेने मोठमोठ्या शहरांचे नकाशे करविले आणि प्रत्येक वस्तीस चारांपैकी एक श्रेणी दिली : हिरवी, निळी, पिवळी आणि लाल. लाल म्हणजे कर्जास धोक्याची. घरांच्या वयाबरोबर माणसांचा वंशही या परीक्षेत मोजला जाई; कृष्णवर्णीय, इटालियन, ज्यू यांची उपस्थिती हा वस्तीच्या खात्यातील दोष म्हणून लिहिला जाई. ब्रुकलिनच्या १९३८ च्या नकाशात पार्क स्लोपचा बराच भाग खालच्या श्रेणींत ढकलला गेला. १९३४ साली स्थापन झालेल्या सरकारी विमाखात्याने तर याच दृष्टीने कर्जांस हमी देण्याचे नियम केले, आणि त्याचा परिणाम नकाशापेक्षाही दूरवर झाला. जुन्या वस्तीत घर घ्यावयास किंवा दुरुस्त करावयास कर्ज मिळेना. उलट उपनगरात नवे घर घेणाऱ्या गोऱ्या कुटुंबास अल्प व्याजाने पैसा मिळू लागला. लाँग आयलंडवर १९४७ पासून उभारल्या गेलेल्या लेव्हिटाऊनच्या आरंभीच्या करारांत, गोऱ्यांवाचून अन्य कोणी त्या घरांत राहू नये, असे स्पष्ट कलम होते. एल्गरचे आईबाप ज्या बेटावर राहतात ते हेच लाँग आयलंड. लेव्हिटाऊनची लहानशी घरे आणि एंडर्स घराण्याची विस्तीर्ण हवेली यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे खरे. पण कृष्णवर्णीयांस दार बंद असण्याच्या बाबतीत दोहोंची जात एकच.

त्याच काळात दक्षिणेतील दैन्य व अत्याचार यांना कंटाळून कृष्णवर्णीय उत्तरेकडे येत होते. १९१० ते १९७० या साठ वर्षांत सुमारे साठ लक्ष माणसे अशी आली. पोर्तो रिकोमधूनही हजारो कुटुंबे न्यूयॉर्कात उतरली. उपनगरांची दारे बंद, म्हणून ही मंडळी जेथे दार उघडे होते तेथे गेली; आणि दार उघडे होते ते ज्या घरांस कर्ज मिळत नव्हते त्या घरांचे. त्यातच रोजगार आटत गेला. ब्रुकलिनची शतकाहून जुनी आरमारी गोदी १९६६ साली बंद झाली. १६ डिसेंबर १९६० या दिवशी न्यूयॉर्कवर दोन विमानांची टक्कर होऊन त्यांपैकी एक पार्क स्लोपमधील सेव्हन्थ ॲव्हेन्यू व स्टर्लिंग प्लेस यांच्या चौकात कोसळले. दोन्ही विमानांतील व जमिनीवरील मिळून १३४ माणसे मेली आणि कित्येक इमारती जळाल्या. आधीच पडत्या काळात सापडलेल्या वस्तीवर हा घाला. बोलपटाचे चित्रण १९६९ च्या उन्हाळ्यात झाले ती प्रॉस्पेक्ट प्लेस ही गल्ली या चौकापासून थोड्याच अंतरावर आहे.

आता एल्गरने ते घर एवढ्या सहज का घेतले, याचा उलगडा होतो. सरकारी धोरणाने, पेढ्यांच्या अनास्थेने आणि मालकांच्या हेळसांडीने घराची किंमत उतरविली होती. मात्र उद्यान, पूल आणि मॅनहॅटनची जवळीक यांमुळे त्याखालच्या जमिनीचे मोल मनातल्या मनात वाढतच होते. नील स्मिथ या भूगोलज्ञाने १९७९ साली नेमक्या याच तफावतीवर बोट ठेवले : आज जागेतून मिळणारे भाडे आणि तिच्यातून मिळू शकणारे भाडे यांतील दरी पुरेशी रुंदावली की भांडवल परत येते. आधी ज्यांनी पाठ फिरविली त्यांनीच मग तोंड फिरवावे, असा हा प्रकार.

परत येण्यास आरंभ झाला तो १९६० नंतरच्या दशकात. एव्हरेट आणि एव्हलिन ऑर्टनर या दांपत्याने १९६३ साली पार्क स्लोपमध्ये असे एक घर घेतले. त्यांनी १९६८ साली तपकिरी दगडाच्या घरांच्या पुनरुज्जीवनासाठी एक मंडळ स्थापिले, ओळखीच्यांस घरे दाखविली, कर्ज नाकारणाऱ्या पेढ्यांचे मन वळविण्याची खटपट केली. गिऱ्हाईक टिकावे म्हणून ब्रुकलिनच्या गॅस कंपनीनेही या वस्तीत पडके घर घेऊन ते सजवून दाखविले, आणि त्या उपक्रमास परीकथेतील राखेतल्या राजकन्येचे, सिंड्रेलाचे, नाव दिले. १९७३ साली या वस्तीचा मोठा भाग कायद्याने ऐतिहासिक म्हणून संरक्षित झाला.

या घडामोडीस इंग्रजीत एक नाव आहे, आणि ते लंडनमध्ये जन्मले. रूथ ग्लास या समाजशास्त्रज्ञ विदुषीने १९६४ साली, लंडनमधील श्रमजीवींच्या वस्त्या मध्यमवर्गाने एकामागून एक व्यापल्याचे पाहून, ‘जेंट्रिफिकेशन’ हा शब्द उपहासाने योजिला. ‘जेंट्री’ म्हणजे खेड्यातील खानदानी जमीनदार. मराठीत यास आपण ‘भद्रीकरण’ म्हणावे असे आम्हांस वाटते. भद्र म्हणजे सभ्य, कुलीन. परंतु आपल्या जुन्या भाषेत ‘भद्र’ म्हणजे क्षौर, डोक्याचा गोटा, असाही अर्थ आहे, आणि ‘भद्रा करणे’ म्हणजे एखाद्याची यथास्थित खरडपट्टी काढणे. वस्ती भद्र होते तेव्हा कोणाची तरी हजामत होतच असते. सबब हा शब्द दोन्ही बाजूंनी सार्थ आहे.

हजामत कशी होई तेही पाहण्याजोगे आहे. न्यूयॉर्कात युद्धकाळापासून, म्हणजे १९४३ पासून, भाड्यांवर निर्बंध होता. जुन्या घरातील जुना भाडेकरू जोवर राही तोवर त्याचे भाडे बांधलेले असे. १९७१ च्या कायद्याने रिकामी होणारी जागा निर्बंधमुक्त केली. १९७४ साली पुन्हा निर्बंध आले, पण ते सहा किंवा अधिक बिऱ्हाडांच्या इमारतींस. तीन-चार-पाच बिऱ्हाडांची तपकिरी घरे त्यातून निसटली. शिवाय मालकास स्वतः राहण्यासाठी जागा परत मागण्याची मुभा होती. अर्थात अशा घरातील प्रत्येक भाडेकरूचे जाणे हा मालकाचा लाभ ठरला. यासाठी मालकाने दुष्ट असण्याची गरज नव्हती. थोडी वाट पाहणे पुरेसे होते.

पुन्हा बोलपटाकडे वळू. वरील इतिहास ज्यास ठाऊक आहे त्यास त्यातील काही प्रसंग निराळेच दिसतात. एल्गरची आई (ली ग्रँट, या भूमिकेसाठी तिचे नाव ऑस्करकरिता सुचविले गेले) मुलाच्या नव्या घरास पडदे लावावे म्हणून कापडाचे नमुने घेऊन येते. मार्ज तिला बसविते, आपल्या हातचे जेवू घालते, दारू पाजते. आणि थोड्याच वेळात त्या मानी बाईचा सगळा शिष्टपणा वितळून जातो. प्रेक्षागृहात हशा पिकतो. पण ज्या खिडक्यांसाठी हे पडदे, त्या खिडक्यांमागे आज दुसऱ्यांची मुले निजतात, ही गोष्ट त्या माउलीच्या स्वप्नातही नाही. तिला कोणास हुसकावयाचे नाही. तिला फक्त पडदे लावावयाचे आहेत. भद्रीकरणाचा सबंध इतिहास या एका प्रसंगात सामावला आहे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

छायालेखक गॉर्डन विलिस यांचे (ज्यांनी पुढे १९७२ मध्ये ‘द गॉडफादर’ चित्रित केला) कसबही येथे अर्थपूर्ण आहे. लाँग आयलंडवरील हवेलीत सारे पांढरे, डोळे दिपविणारे. ब्रुकलिनच्या घरात सारे उबदार पण अंधारलेले. पुढे एका मेजवानीत घरातील व शेजारचे कृष्णवर्णीय पाहुणे एकामागून एक थेट आपल्याकडे तोंड करून एल्गरशी बोलतात, आणि तोवर त्याला हसणारा प्रेक्षक एकाएकी त्याच्याच जागी बसविला जातो. आता विनोद कोणावर चालला आहे, हे नीटसे समजत नाही.

शेवट तर अधिकच कडू. एल्गर आणि फॅनी यांचा एका रात्री संबंध येतो, ती गरोदर राहते, आणि हे कळताच कोपी कुऱ्हाड घेऊन मालकावर धावतो. पण घाव घालण्यापूर्वीच त्याचे मन कोसळते आणि त्यासच बांधून नेले जाते. मालकाच्या चुकीची शिक्षा भाडेकरूस व्हावी, हा न्याय बोलपटाने कोणताही उपदेश न करता दाखविला आहे. मूल जन्मते तेव्हा फॅनी ते दत्तक द्यावयास निघते, आणि ते गोरे म्हणून वाढावे अशी इच्छा व्यक्त करते. कारण काय, तर त्यालाही आपल्या बापासारखे बेफिकीर जगता यावे. आम्हांस या बोलपटातील सर्वांत भेदक बोल हेच वाटतात. एल्गरची निरागसता, त्याचा भाबडेपणा, ज्यामुळे तो आपणांस आवडू लागलेला असतो, ती त्याच्या स्वभावाची देणगी नसून त्याच्या वर्णाची व मिळकतीची देणगी आहे, हे एका आईने शांतपणे सांगितले आहे. अखेरीस एल्गर ते मूल घेऊन आपल्या प्रेयसीच्या दाराशी जातो. मालकास कुटुंब मिळाले. बिऱ्हाडांचे काय झाले, हे बोलपटही सांगत नाही. म्हणजे हा साक्षीदारसुद्धा नेमक्या त्याच प्रश्नापाशी थबकतो.

येथे प्रतिपक्षाची बाजू ऐकून घेणे न्यायाचे होईल. ऑर्टनरसारखी माणसे सटोडिये नव्हती. जेव्हा सरकार व पेढ्या यांनी या घरांकडे पाठ फिरविली होती, तेव्हा त्यांनी पदरचे पैसे घालून, स्वतःच्या हातांनी रंगाचे थर खरवडून ती वाचविली. ती वाचली नसती तर बहुधा पाडली गेली असती. १९४९ च्या गृहनिर्माण कायद्याखाली न्यूयॉर्कात ‘गलिच्छ वस्ती निर्मूलना’च्या नावाने वस्त्याच्या वस्त्या भुईसपाट झाल्या, आणि त्यातही उठविले गेले ते गरीबच. शिवाय पुनरुज्जीवन करणाऱ्यांपैकी अनेकांस मिश्र वस्तीत राहण्याची खरोखरच हौस होती. तीही एल्गरच्या हौसेइतकीच प्रामाणिक असावी. हे सर्व आम्ही मान्य करतो. एवढेच म्हणतो की, १९७३ च्या संरक्षणाने दगडाच्या अस्तरास अभय मिळाले, ओट्याच्या कठड्यास अभय मिळाले, परंतु ओट्यावर बसणाऱ्यांस मिळाले नाही. खिडकीची चौकट बदलावयास परवानगी लागे. खिडकीमागचे माणूस बदलावयास लागत नसे. कर्जात भेदभाव करणाऱ्या पेढ्यांवर वचक बसविणारे कायदे १९७५ व १९७७ साली झाले खरे; पण तोवर या वस्तीत कर्ज मागावयास येणारा वर्गच बदलू लागला होता.

त्यानंतर एका पिढीने, १९८९ साली, स्पाइक ली यांनी ‘डू द राइट थिंग’ मध्ये ब्रुकलिनच्याच बेडफर्ड-स्टायव्हेसंट वस्तीतील एक प्रसंग रंगविला. एका गोऱ्या तरुणाच्या सायकलचे चाक एका कृष्णवर्णीय मुलाच्या नव्या बुटावरून जाते. बाचाबाचीत कळते की समोरचे तपकिरी घर त्या तरुणाने विकत घेतले आहे. तू या वस्तीत आलासच का, असे विचारता तो आपला जन्म ब्रुकलिनचाच असल्याचे सांगतो. तेथेही लोक हसतात. परंतु १९७० साली भाडेकरूंनी मालकास पळवून लावले होते; येथे मालक शांतपणे आपल्या दारात शिरतो आणि दार लावून घेतो. विनोद तोच, मात्र वीस वर्षांत पारडे फिरले होते. आज पार्क स्लोपमधील तशा घरास कित्येक दशलक्ष डॉलर पडतात, आणि एल्गरच्या वयाच्या तरुणास, त्याचे आईबाप एंडर्स असल्यावाचून, ते परवडणे दुरापास्त आहे.

आता एक खासगी गोष्ट सांगून हा लेख पुरा करतो. हा बोलपट आम्ही प्रथम पाहिला त्या सुमारास आमचा पुण्याच्या एका पेठेतील वडिलोपार्जित वाडा पाडून तेथे सदनिका बांधण्याचे ठरले होते. वाड्यात जुनी बिऱ्हाडे होती. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यापासून त्यांची भाडी जवळजवळ जागच्या जागी होती, आणि महिन्याच्या भाड्यात आमच्या कुटुंबाचा एक वेळचा चहाही होत नाही, ही आमच्या घरची ठरलेली थट्टा होती. त्यांपैकी काहींस नव्या इमारतीत जागा मिळाली, काही पैसे घेऊन गावाबाहेर गेले. सर्व व्यवहार कायदेशीर झाला. कोणाचेही भांडण राहिले नाही. एल्गरची आई पडद्यांचे नमुने घेऊन आली तेव्हा आम्ही सर्वांबरोबर मोठ्याने हसलो. मागाहून आठवले की, त्याच आठवड्यात आमच्या घरीही नव्या खिडक्यांच्या मापांची चर्चा चालली होती.

त्या रात्री आम्ही वाड्यातील बिऱ्हाडांची यादी करावयास बसलो. तीस वर्षे महाविद्यालयात इतिहास शिकविला. वाड्याची सनद, वाटणीपत्रे, पणजोबांच्या हातचा जमाखर्च, सारे कपाटात जपून ठेवलेले आहे. नऊ बिऱ्हाडे होती. पाचांची नावे पुरती आठवली. दोघांची आडनावे तेवढी आठवली. जिन्याखालच्या खोलीत शिवणयंत्र चालविणाऱ्या ज्या बाईंस लहानपणापासून आम्ही ‘काकू’ म्हणत आलो, त्यांचे नाव आम्हांस कधीच ठाऊक नव्हते, असे ध्यानात आले. आणि त्या कोठे राहावयास गेल्या, हे त्या जाताना कोणी विचारले नव्हते. चौकशी चालू आहे. यादी अजून पुरी झालेली नाही.